न पाहिलेला तळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, नत्थूपाशी नाही, दोन पेले पोटात गेल्यावरसुद्धा नाही — आणि दोन पेल्यांनंतर मी काय काय बरळतो ते आमच्या इतवारीतल्या गल्लीला विचारा. भांड्यांच्या दुकानात उभा जन्म बडबडण्यात गेला माझा. गिऱ्हाईक पातेलं घ्यायला आलं की त्याच्या गळ्यात परातही मारायची आणि वर त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करायची. असा बोलका माणूस मी. पण ही एक गोष्ट आली की जीभ टाळूला चिकटते. आताही लगेच जमेल असं वाटत नाही. जरा आडवळणाने जाऊ द्या मला.

आम्ही फळीवाले. हे नाव तुम्ही ऐकलं नसणार, कारण आम्हा चारपाच जणांना सोडलं तर या शहरात ते कुणीच ऐकलेलं नाही. समुद्र आमच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता. पण लाट होती बरं आमच्याकडे. खापरखेड्याच्या बाजूला नदीवर एक जुना दगडी बंधारा होता, उताराचा. पावसाळा सरला, पाणी बेताचं झालं, की ते शेवाळलेल्या उतारावरून घसरत यायचं आणि पायथ्याशी आपटून वर उसळायचं. तिथे पाण्याचा एक उंचवटा कायम उभा. नदी पुढे निघून जायची, तो जागच्या जागी. आम्ही त्याला उसळी म्हणायचो. लाकडी फळीवर उभं राहून बंधाऱ्याच्या माथ्यावरून सुटायचं, उतार घसरायचा आणि उसळीवर टिकता येईल तितकं टिकायचं — एवढाच खेळ. पासष्ट सालाच्या आगेमागे या खेळाने आम्हाला पार येडं केलं होतं. पोळा गेला की दिवाळीपर्यंत एकही रविवार घरात काढला नाही कुणी.

फळ्या नत्थू करायचा. जातिवंत सुतार, तोंडाने फटकळ. सागवानाची फळी, पुढचं टोक होडीसारखं उचललेलं. खालून मेणबत्ती घासायची, म्हणजे शेवाळावरून सरकते. वरून काथ्याची पट्टी ठोकायची, म्हणजे पाय धरतो. शनिवारी त्याच्या अंगणात बसून मेण घासायचं आणि फुशारक्या मारायच्या. कुणाची फळी सरस, कोण किती टिकला, कोण पडताना माय माय करत होता... रविवारी सकाळी फळ्या सायकलींना बांधून निघायचो तेव्हा जरीपटक्यातले लोक विचारायचे, कुणाचं दार काढून नेता बाप्पा? भाकरी गुलाबची माय बांधून द्यायची. मला एक जास्त. "याच्या अंगावर मांसच नाई," म्हणायची.

गुलाब. त्याच्यावर आता यायलाच हवं, नाही का?

गुलाब माझा जिवलग. एका बाकावर शिकलो, एकाच वर्षी नापास झालो. आम्ही बाकीचे उसळीवर हातपाय झाडत, तोंड वेडंवाकडं करत कसेबसे उभे राहायचो. हा मात्र कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, पानठेल्यावर उभं राहावं तसा. वरून आमच्याकडे बघून हसायचा. त्याला तसं बघितलं की हेवा वाटायचा, पण छातीही फुगायची — आपला दोस्त आहे म्हणून. ज्या वर्षाचं सांगतोय त्याच वर्षी विजेच्या खांबांवर चढायच्या कामासाठी त्याची निवड झाली होती. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. माय गल्लीभर पेढे वाटून आली होती.

आमच्यात एक रीत होती. पुराबरोबर बाभळीच्या फांद्या, बांबू, काय काय वाहून येतं आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकून बसतं. म्हणून दर रविवारी, कुणीही सुटायच्या आधी, एकाने खाली बुडी मारून हाताने तळ चाचपायचा आणि वर येऊन सांगायचं. पाळीपाळीने. आणि ज्याने तळ पाहिला त्यानेच पहिलं सुटायचं. काहून ते कळलं ना? आपल्या शब्दावर आधी आपला जीव पणाला लावायचा. असं कुणी ठरवलं होतं, आठवत नाही. पण तळ पाहणाऱ्याला उलटून कुणी काही विचारायचं नाही. त्याने साफ म्हटलं की साफ.

त्या रविवारी पाळी माझी होती.

थांबा — हे आधी सांगतो. मी पोहण्यात कच्चा नव्हतो. पण आदल्या वर्षी तळ पाहताना माझा हात खाली एका फांदीत अडकला होता. सुटला, पण सुटेपर्यंत मी मेलोच होतो म्हणा. कुणाला बोललो नाही. हसले असते. तेव्हापासून पाळी आली की शनिवारपासूनच ती टाळायला सबबी शोधायचो. तरी उतरायचो. त्या रविवारी वर कुठेतरी पाऊस पडून गेला होता आणि पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. हात आत घातला तर मनगट दिसेना. उसळीच्या आडोशाला एक जागा होती, जिथलं माथ्यावरून दिसत नाही. मी तिथे गेलो. बंधाऱ्याचा एक दगड दोन्ही हातांनी धरला, डोकं पाण्याखाली घातलं आणि श्वास कोंडून तसाच राहिलो. खाली गेलोच नाही. छाती फुटायला आली तेव्हा वर आलो, धापा टाकल्या — त्याही जरा जास्तच — आणि ओरडून सांगितलं, "साफ हाय."

एवढंच? — तुम्ही म्हणाल. भ्याला बिचारा. तरणा होता, होतं असं. नाही हो. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं आणि चार शिव्या खाऊन सुटलो असतो.

रीतीप्रमाणे पहिला मी सुटणार. फळी घेऊन माथ्यावर गेलो आणि पायच उचलेनात. खाली काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. काथ्याची पट्टी ढिली झाली असं काहीतरी पुटपुटत मी फळी उलटीसुलटी करत बसलो. मागे गुलाब, उतावळा. म्हणाला, "तुले टाइम लागून राहिला तर मले जाऊ दे ना गा पहिले."

एक शब्द पुरला असता. नको. थांब. काहीही. मी काय केलं? बाजूला सरकलो. आणि सरकताना मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. तो जाईल, काही नसेल, मग मी जाईन. एवढा सरळ विचार माझ्या डोक्यात आला होता, आणि तो मला आजही शब्दन् शब्द आठवतो. जिवलग दोस्त, आणि त्याला मी पुढे घातलं. खाली काय आहे ते त्याच्या अंगावरून मला कळावं म्हणून.

तो गेला. कमरेवर हात. आम्ही शिट्ट्या मारल्या. उसळीवर चांगला टिकला आणि मग पडला. पडण्यात काही विशेष नव्हतं, दर खेपेला कुणी ना कुणी पडायचं आणि पाणी थुंकत हसत वर यायचं. तो वर आला नाही.

उडी मी मारली. सगळ्यांच्या आधी. तेव्हा बरा गेलो खाली. बाभळीची एक आख्खी फांदी दगडांत रुतली होती आणि तिच्या बेचक्यात त्याचा पाय. काटे हातात घुसत होते, मी ओढत होतो. गुडघा वळू नये त्या बाजूला वळला होता. काठावर आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता आणि मी ढसाढसा रडत होतो. नत्थू माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. कशाने झालं, कुणीतरी विचारलं. "दगडावर आपटला," मी म्हणालो. शुद्धीवर आल्यावर गुलाबचं पहिलं बोलणं काय असावं? "माहेच पाय चुकले. शायनिंग मारायले गेलो."

दुसऱ्या दिवशी दुकानात पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि एकटा सायकलने बंधाऱ्यावर गेलो. पाणी तेवढंच गढूळ. त्यात उतरलो, बुड्या मारमारून ती फांदी मोकळी केली आणि धारेला लावून दिली. वाहत दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिलो. आता सांगा, आदल्या दिवशीची भीती कुठे गेली होती? पाण्याचं मला एवढं भ्याव होतं, तर त्या दिवशी काहून नाही वाटलं? पकडला जाण्याचं भ्याव त्याहून मोठं होतं, दुसरं काय.

गुडघा काही नीट बसला नाही. खांबावर चढायचं काम गेलं. गुलाबने जरीपटक्यात रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं आणि पाय लांब करून स्टुलावर बसायला शिकला. लग्न उशिरा झालं, पण बायको चांगली मिळाली. आणि त्या घरात मी कोण झालो, माहीत आहे? देव. "माह्या पोराले यानं पाण्यातून काढलं," असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जेवायला बसलं की तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात, गुलाबला दुसरी. ती जाईपर्यंत हे चाललं. आणि मी ती भाकर खाल्ली. दर वेळी खाल्ली, ठेचा लावून, आवडीने.

वर्षं गेली. फळीवाल्यांची पोटं सुटली, मिशा काळ्या कराव्या लागल्या. तरी दसरा झाला की एका रविवारी आम्ही बंधाऱ्यावर जमतो. पाण्यात कुणी फारसं जात नाही आता. नव्या पोरांनी ट्रकच्या ट्यूब आणल्यात, त्यावर बसून घसरतात. नत्थू त्यांच्याकडे बघून नाक मुरडतो. त्याच्या मते ट्यूबवर तर म्हैसही घसरेल. आम्ही जुन्या फळ्या उन्हात मांडतो, मेण घासतो, त्याच त्या बाता पुन्हा मारतो. फळीला सागाचं लाकूड बरं की शिवणीचं यावर नत्थू दर वर्षी नव्याने भांडतो आणि आम्ही दर वर्षी नव्याने त्याला चिडवतो. फार सुख आहे हो त्यात. खोटं नाही सांगत, वर्षभर मी त्या एका रविवारची वाट बघतो. आणि त्याच रविवारी गुलाब आपल्या पडण्याची गोष्ट सांगतो. स्वतःवर हसत. हात कसे कमरेवर होते, माज कसा चढला होता, पाय कसे चुकले. सगळे हसतात. मीही हसतो.

मागच्या दसऱ्यानंतर तो लुनावरून काठी घेऊन आला आणि म्हणाला, एकदा जायचं. उभा नाही, बसून. आम्ही नाही नाही म्हणालो, पण त्याच्यापुढे कुणाचं चाललंय? मग माझ्याकडे वळला. "तळ तू पाह्य मनोहर. तू सांगशीन तर मी डोळे मिटून जाईन."

मी पाहिला. देवाशपथ पाहिला. इतक्यांदा खाली गेलो की नत्थू वरून शिव्या द्यायला लागला — म्हाताऱ्या, मोती शोधून राहिला का खाली? दगड न् दगड चाचपला. मग रीतीप्रमाणे आधी मी सुटलो, पोटावर पालथा पडून. मागून गुलाब आला. फळीवर बसलेला, वाकडा पाय एका बाजूला सोडलेला. उसळीवर आला आणि त्या गाढवाने कमरेवर हात ठेवले. आम्ही सगळी म्हातारी माणसं काठावर उभी राहून रडलो. दुसरा शब्द नाही त्याला.

नंतर ऊन खात बसलो होतो. बाकीचे चुलीपाशी भरताची वांगी भाजत होते. आम्ही दोघेच. तो गुडघा चोळत होता. चोळता चोळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक विचारू का गा? खरं सांगजो. त्या दिवशी तळ साफच होता ना? मले लय वर्षं वाटते, खाली मले कोणीतरी धरलं होतं."

त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि राग नव्हता त्यात. नुसतं जाणून घ्यायचं होतं — आपलेच पाय चुकले की नाही, एवढंच. माय गेलेली. काम तर केव्हाच गेलेलं. मी खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? आणि त्याला काय मिळालं असतं, तेही मला त्या क्षणी नीट कळत होतं.

"हौ," मी म्हणालो. "साफ होता."

त्याने मान हलवली. "मंग माहेच पाय," म्हणाला, आणि उठायला मला हात मागितला. मी दिला.

तरुणपणची चूक सांगतोय असं तुम्हाला आतापर्यंत वाटलं असेल. मी तेवढंच सांगणार होतो. पण हे मागच्या दसऱ्याचं आहे. तेव्हा मी तरणा नव्हतो, पाणी गढूळ नव्हतं, भ्याव वाटावं असं समोर काही नव्हतं. दोस्त होता.

काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो होतो. थंडी पडायला लागली की गुडघा फार ठणकतो, म्हणाला. मी तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगितलं. वहिनींनी लगेच वाटीत तेल आणलं, आणि त्याला वाकता येत नाही म्हणून मीच लावून दिलं.