फोन न उघडता

३ जूनला सकाळी दिराने वहिनींच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येऊन काउंटरवर बेचाळीस हजार पाचशे रुपये ठेवले. जागा त्याला कपड्यांच्या दुकानासाठी भाड्याने हवी होती.

"वहिनी, दादाचा हात गेला. आता स्क्रू कोण फिरवणार? किल्ली द्या, आगाऊ घ्या."

वहिनींनी पैशांना हात लावला नाही. नवऱ्याच्या उजव्या हाताला लकवा मारल्यापासून त्याच दुकान उघडत होत्या. नवरा मागच्या खुर्चीत बसून तोंडाने शिकवायचा. पण गिऱ्हाइकं त्यांच्याकडून चार्जर घेत, दुरुस्तीला फोन दुसरीकडे नेत.

"एक तरी फोन चालू करून दाखवा, मी पैसे उचलतो," असं म्हणून दीर स्टुलावर ठाण मांडून बसला.

तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला. फोनच्या पडद्यावर नकाशा गोठला होता आणि बाजूचं चालू-बंदचं बटण आत रुतलं होतं.

"बोट घासून घासून रेषा पुसल्या माझ्या, पण हा ढिम्म. भाडी यावरच येतात, ताई."

बॅटरी उतरायची वाट पाहायची तर दिवस वाया. मागचं झाकण डिंकाने चिकटवलेलं; उचकटलं तर काच जाणार.

"उघडू नको," नवरा मागून म्हणाला. "आधी विचार."

विचारायचं म्हणजे मोडेमला. फोन नेटवर्कशी बोलतो तो मोडेममार्फत. पडदा झोपला तरी हा भाग बऱ्याचदा जागा असतो, आणि काही फोनांत तो संगणकावरून तारेने दिलेले हुकूम ऐकतो. प्रत्येक हुकमाआधी AT लिहायचं. नवऱ्याने शिकवलं होतं, "तू मला 'अहो, ऐकलं का' म्हणतेस ना, तसंच. फरक एवढाच, की तो ऐकतो."

वहिनींनी केबल जोडली. संगणकाला फोन दिसेना. दुसरी जोडली, तिसरी जोडली, तीच गत.

"संगणकपण बुजला तुम्हाला," दीर म्हणाला.

वहिनींनी हातातल्या केबलकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खणातल्या सगळ्या केबली स्वस्तातल्या, त्यांनीच विकायला आणलेल्या. त्यांतून नुसती वीज जाते. बोलणं नेणाऱ्या तारा आत नसतातच. त्या तडक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या आणि चांगली केबल घेऊन आल्या.

या वेळी फोन दिसला. त्यांनी AT लिहिलं. उत्तर आलं: OK.

"ऐकतोय," त्या म्हणाल्या. मग सावकाश एकेक अक्षर टाइप केलं: AT+CFUN=1,1. पहिला एक म्हणजे सगळी कामं चालू ठेव. दुसरा म्हणजे त्याआधी नव्याने ऊठ. एंटर दाबलं.

पडदा काळा झाला.

"गेला?" टॅक्सीवाल्याने विचारलं. वहिनींनी केबल हलू नये म्हणून धरून ठेवली. मागची खुर्चीही करकरायची थांबली. मग कंपनीचं चिन्ह उजळलं, आणि टॅक्सीवाल्याच्या बोटाखाली पडदा हलला.

"बटण मागवते," वहिनी म्हणाल्या. "ते बसवेपर्यंत फोन बंद करू नका."

दिराने नोटा गोळा केल्या. "एका फोनवर दुकान चालतं का, वहिनी?"

"नाही चालत. म्हणून उद्याही उघडणार आहे."

त्यांनी खणावर कागद चिकटवला: 'फक्त चार्जिंगसाठी'. झेरॉक्सवाल्याचे केबलचे एकशे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.