राखेच्या शहरातला दलाल

आमच्या पिढीला कार्टून म्हणजे पोरगं जेवावं म्हणून लावायची गोष्ट. त्यामुळं माझी एकोणीस वर्षांची लेक बघत होती ते कार्टून आहे, हे पटायला मला वेळ लागला. सूर्य विझलेला, सगळीकडं राख, माणसं जमिनीखालच्या शहरात राहतात आणि राखाडी वड्या खातात. हसरा चेहरा औषधालाही नाही. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून होईपर्यंत वर बोलणारा माणूस मेलेला असायचा.

तरी मी रोज संध्याकाळी तिच्याशेजारी जाऊन बसायचो. कारण सरळ होतं. लेक माझ्याशी बोलत नव्हती.

झालं होतं असं, की ती पुण्याला शिकायला गेली आणि अकराव्या दिवशी बॅग घेऊन परत आली. कुणाच्याही घरी होतं. पण भावकीत गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव. लग्नात जेवणं झाली की मला मध्ये बसवतात. नेसरीच्या एका लग्नात मी तिच्या त्या अकरा दिवसांची गोष्ट केली. फोनवरचं तिचं रडणं आवाज काढून दाखवलं. मांडव हसून हसून लोळला. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मला "हं" आणि "नको" एवढंच मिळायला लागलं.

बायको येता-जाता पडद्याकडं बघायची. एकदा म्हणाली, "अहो, ऊनच नाही तर ही माणसं पापड कुठं वाळवतात?" मला त्या वड्यांचं दुःख जास्त. पांढरा रस्सा नसलेलं जग बुडालं तर त्यात नवल काय, असं मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. लेक हसली नाही.

एक पात्र मात्र मला पहिल्यापासून आवडलं. त्या शहरातले दिवे माणसांच्या आठवणी जाळून लागतात. वर्षाला प्रत्येकानं एक आठवण द्यायची. ती गोळा करणारा एक दलाल असतो. जाळायच्या आधी तो ती चौकातल्या मोठ्या पडद्यावर दाखवतो, मधे मधे स्वतःची भर घालतो आणि लोक पोट धरून हसतात. गुटगुटीत, बोलका माणूस. एवढ्या मढ्यांत हा एकटाच जिवंत, असं माझं स्पष्ट मत होतं.

नवव्या भागात त्यानं एका मुलीची आठवण लावली. कुठंतरी हरवली होती, भ्याली होती. चौक हसला. मुलगीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं. मग घरी जाऊन तिनं तोंड धुतलं. परत धुतलं. भाग संपेपर्यंत ती तोंडच धूत होती.

शेजारी बघायची माझी टाप नव्हती. चहा करतो म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस न पेटवता उभा राहिलो. माणूस पन्नाशी ओलांडतो, चारचौघांत शहाणा म्हणवतो आणि त्याला अक्कल यायला अख्खा सूर्य विझवावा लागतो.

पुढच्या महिन्यात गारगोटीला चुलतभावाच्या नातवाचं जावळ होतं. जेवणं झाली, मला मध्ये बसवलं. चुलते म्हणाले, "सांग की ती पुण्याची. पावण्यांनी ऐकलेली न्हाय."

लेक समोर बायकांत बसली होती. तिनं हसू आधीच तोंडावर आणून ठेवलं होतं.

"ती गोष्ट माझी न्हाय," मी म्हणालो. "दुसरी सांगतो."

दुसरी धड सुचेना. मग माझीच एक फजिती सांगायला घेतली, ती मधेच आपटली. एक पावणं गाडी बघून येतो म्हणून उठलं ते परत आलंच नाही. चुलते शेजारच्याला म्हणाले की याचं वय झालं, आणि बोलणं उसाच्या तोडीवर गेलं.

येताना गाडी लेक चालवत होती, मी शेजारी, बायको मागं. गारगोटी मागं पडली. मग रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "पप्पा, हे नेसरीतच कळायला पाहिजे होतं."

"व्हय," मी म्हणालो. तोंडाशी आलेला विनोद गिळला. मटणापेक्षा जड गेला.

कोल्हापूर येईपर्यंत ती पुण्यातल्या त्या अकरा दिवसांबद्दल बोलत होती. काय, ते मी बायकोलाही सांगितलं नाही. ती मागं झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत होती, ते वेगळं.