मेश्राम सरांना मी न दिलेलं उत्तर

वरठी स्टेशनजवळच्या माझ्या सायकल दुकानात पंक्चर काढत बसलो होतो. लाखांदूरहून आलेलं एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणालं, "मेश्राम सर गेले ना… परवा." माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता आपल्याला कोणी विचारायला येणार नाही! लाज वाटते लिहायला, पण तोच आला. दीड महिना झाला, अजून जेवताना तो आठवतो.

सरांनी आम्हाला लाखांदूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि राज्यघटनेवर सरांची घरच्या माणसावर असावी तशी माया होती. बाकीचे मास्तर तो विषय उरकून टाकत. सर तलावाच्या पाळीवर नेऊन शिकवत. "पाणी कोणाले किती, हे गाव ठरवते. गेट उघडते पाणकर. भांडण झालं तर निवाडा करते पंच. अन् हे तिघंही एकच माणूस झाला तं?" आम्ही ओरडायचो, "खालच्याचं धान वाळलं, सर!" मग राष्ट्रपतीचा धडा. राष्ट्रपती कितीही मोठा असो, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो. आणि त्याच्या सहीचा कागद असला तरी कोर्ट तो तपासू शकतं… हे वाक्य ते दोनदा म्हणत.

आणीबाणी लागली त्या पावसाळ्यात मी विशीतला, अंगात भारी मस्ती. एस.टी. स्टँडवर रातोरात पत्रकं चिकटवली आणि पोलीस शोधायला लागल्यावर मामाच्या गावी दडून बसलो. इकडे आई एकटी, त्यात दमेकरी. सर चिखलातून सायकल ढकलत मला शोधत आले.

"लपून कायले राहिला बाबू? चोर आहेस का तू? हजर हो. चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करा लागते. तुह्या मायले तरी सुखाची झोप लागंन."

"अन् नाई केलं तं?"

"असं कसं नाई करंन? घटनेत लिवलं आहे."

कोर्टाची दारं बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेश तोवर पेपरात येऊन गेला होता. सरांनी तो वाचलाही होता, हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. पण घटना असं होऊ देणार नाही, कोणीतरी पंच मध्ये पडेलच, असं त्यांनी धरलं. मी हजर झालो. न्यायाधीश काही दिसला नाही. नागपूरच्या तुरुंगात दीड वर्ष गेलं. पुढे दिल्लीच्या मोठ्या कोर्टानंही सांगून टाकलं की सध्या दाद मागता येणार नाही. दरम्यान धानकापणीच्या दिवसांत आई गेली. भेटीचा अर्ज केला होता. उत्तर आलं तेव्हा तेरवी उरकली होती.

सुटून आल्यावर लाखांदूरला मन लागेना, म्हणून वरठीला दुकान टाकलं. घटनादुरुस्ती झाली तेव्हा सर एस.टी.नं तिथं आले. चेहरा उजळलेला. जगण्याचा अन् स्वातंत्र्याचा हक्क आता राष्ट्रपतीच्या आदेशानंही गोठवता येत नाही, आणि मंत्रिमंडळानं लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी पुकारता येत नाही, असं घाईघाईनं सांगायला लागले. "बाबू, ते दार आता कोणाले लावता येत नाई!" मी ट्यूबवरून मान वर न करता म्हणालो, "माह्या मायले सांगा."

त्यानंतर दरवर्षी आईच्या तिथीला ते यायचे. बाकड्यावर बसायचे, पाणी प्यायचे, माझ्याकडे बघायचे… आणि जायचे. शेवटच्या खेपेला धाप लागत होती. म्हणाले, "मी तुले पाठवलं नसतं तं?"

"तं माय पाह्याले भेटली असती."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि उठले. बसपर्यंत पोचवायलाही मी गेलो नाही.

आता दुपारच्या वेळी बाकड्यावर कोणी बसलं की माझा हात थांबतो. मान वर करायची भीती वाटते.

परवा लाखांदूरला त्यांच्या घरी जाऊन आलो. काकूंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "तुह्याकडून आले की दोन दिवस बोलत नव्हते. मी पुसलं तं म्हणत, 'बाबूनं अजून माफ नाई केलं.'"

माझा बांध फुटला. "काकू, दोष सरांचा नव्हता. मले तुरुंगातच समजलं होतं."

काकूंनी कप माझ्यापुढं ठेवला. "मंग त्याईले काहून नाई सांगितलं रे?"

काय सांगणार? सही करणारे दिल्लीत. सल्ला देणारे दिल्लीत, निवाडा देणारेही दिल्लीत. त्यांतला एकही माझ्या दुकानी येऊन "माझं चुकलं" म्हणाला नाही. सर तेवढे येत होते… म्हणून मी त्यांनाच धरलं. हे काकूंच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.