दादा, गार वाटतंय ना?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येईल याची मला काही खात्री नाही. माझा हा गाढवपणा कंपनीत फक्त दिनेशला ठाऊक आहे. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक आहे!

मी अंबरनाथला एका कंपनीत मेंटेनन्सला. वीस वर्षं पॅनल उघडतोय, वायरी ओढतोय. त्याचा माज होता हो, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी आई गेली. दादा, म्हणजे माझे वडील, गावात एकटे पडले. गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. पत्र्याचं घर, वय अठ्ठ्याहत्तर आणि वर मे महिना. "बदलापुरात कात्रपला माझ्या फ्लॅटवर चला" म्हणून वर्षभर मागे लागलो होतो. शेवटी एकदाचे म्हणाले, "आठ दीस येतो. बरा वाटला तं राहीन."

झालं! आठ दिवसांत दादांना बरं वाटलंच पाहिजे. बायको-पोरं सुट्टीत माहेरी गेलेली, अडवायला कोणी नाही. तडक उल्हासनगर गाठलं, कॅम्प दोन. तिथे एका शेठकडे कुठल्याशा हॉटेलातून काढलेलं मशीन होतं. हीट पंप म्हणतात त्याला, गारही करतं आणि गरमही. सोबत भिंतीवर लावायचा स्मार्ट थर्मोस्टॅट. घरातलं तापमान कंपनीत बसून मोबाइलवर बघा, तिथूनच कमी-जास्त करा!

शेठने बजावलं, "साईं, ये नारंगी तार है ना, ठंडा-गरम यही पलटता है. सेटिंग उल्टा किया तो सब उल्टा. आदमी भेजूँ?"

"शेठ, आपण कंपनीत पॅनल उघडतो!"

अजून ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दादा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वायरिंग संपवलं. दादा शेजारी स्क्रू ओंजळीत घेऊन उभे होते. थर्मोस्टॅटने विचारलं, नारंगी तारेत करंट कधी सोडू? गार करताना, की गरम करताना? आता पुस्तिका कोण शोधणार? शिफ्टची वेळ होत आलेली. मी बेधडक 'गरम करताना'वर बोट ठेवलं. पडद्यावर निळ्या अक्षरांत 'कूलिंग' आलं. मशीन सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतं, तेवढाही थांबलो नाही.

"दादा, दार-खिडकी उघडायची नाही हां, गारवा बाहेर जातो. पंखा पण नको."

"बरा," दादा म्हणाले.

अकरा वाजता मोबाइल बघितला. तेहेतीस. म्हटलं, आत्ता कुठे सुरू झालंय. बारा वाजता छत्तीस! फोन लावला.

"दादा, खिडकी उघडी आहे का?"

"नाय रे."

"दार?"

"लावलंय."

"गार वाटतंय ना?"

"हो रे. बरा हाय."

दिनेश शेजारीच काम करत होता. म्हणाला, "अरे, वरचा मजला ना तुझा? उन्हाचा मारा असणार. अजून खाली आण."

आणलं खाली. चोवीसचं वीस केलं, विसाचं अठरा. तिकडे मशीन बिचारं हुकूम पाळत होतं. खोली तापलीय, गार कर, असा हुकूम सुटायचा आणि ते आणखी जोराने गरम करायचं! एक वाजता एकोणचाळीस. पुन्हा फोन. "दादा, गार?" "बेस हाय. तू काम कर." आवाज खोल गेलेला. मला वाटलं, गारव्याने डोळा लागलाय म्हाताऱ्याचा. समाधान वाटलं हो मला! काय बोलायचं या अकलेला?

आकडा चाळिसावर गेला तेव्हा दिनेश डबा खात होता, घास हातातच राहिला. "भावा, ऊन बाहेर असतं. तू कूलिंग लावलंयस की हीटर?"

डोक्यात लख्ख नारंगी उजेड पडला. हाफ डे टाकला, बाइक काढली. अंबरनाथ ते कात्रप रस्ता कसा कापला, मला आठवत नाही.

दार उघडलं तर तोंडावर भट्टीची धग आली. दादा फरशीवर बसलेले, अंगात नुसती बनियन, डोक्यावर ओला पंचा. हातात थर्मोस्टॅटचा पुठ्ठ्याचा खोका, त्यानेच वारा घेत होते. मला बघून खोका पटकन मागे लपवला.

मी धडाधड खिडक्या उघडल्या, मशीन बंद केलं, पंखा लावला. पाणी दिलं.

"दादा, अहो मरायला झालं असतं! फोनवर बोलला का नाहीत?"

"तू एवढा हौसेनं बसवलास. फोनवं फोन करत व्हतास. कसा सांगू?"

"निदान बाहेर तरी यायचं!"

"तूच बोललास ना, दार उघडू नको." मग पंच्याने मान पुसत हळूच म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात आपला कसा चालवायचा?"

दुसऱ्याच्या घरात. लेकाच्या घरात! मशीनने घातला नसेल एवढा घाव त्या शब्दांनी घातला. मी तिथेच फरशीवर बसलो. रडलो, आता तुमच्यापासून काय लपवायचं.

आठ दिवस काही झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादांनी पिशवी भरली. गावच्या रिक्षात बसताना माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊ. थंडीत येतो की. तवर त्या मशीनला हात लावू नको, तेव्हा बरा चालंल ते."

सेटिंग बदलायला एक बोट पुरतं. सरळ केलं की उन्हाळ्यात गार, थंडीत गरम, दोन्ही होतं. एवढं कळतं मला. पण आत्ता ते गरम करतं एवढं तरी नक्की आहे, माझ्या बोटाचा काय भरवसा? दादा थंडीत आले आणि मशीन गार निघालं तर? परत "बरा हाय" म्हणत कुडकुडत बसतील.

म्हणून भर मे महिन्यात घरात एवढं मशीन असून, तोच पुठ्ठ्याचा खोका घेऊन मी वारा घेतोय आणि डिसेंबरची वाट बघतोय.