आभाळाची बाही

चित्रात माझी झाडं बरी यायची, म्हशी तर झकास. माणूस काढला की मात्र तो फोटोला उभा केल्यासारखा ताठ. वाशीमच्या प्रदर्शनात मला पहिल्यांदाच जागा मिळाली होती आणि विषय होता 'आपली माणसं'. महिनाभर मी कागदामागून कागद रंगवले आणि चिडून कोपऱ्यात फेकले. हेही जमलं नाही तर ब्रश कायमचा ठेवून द्यायचा, असं ठरवून टाकलं होतं.

आई आमच्या गावी, जऊळक्यात, ब्लाउज शिवते. नेहमीच्या बायकांच्या मापाचे कागद कापून ती खिळ्याला टांगून ठेवते. एका दुपारी बाजारातून आले, तर माझं निळं आभाळ बाही होऊन खिळ्याला लटकलेलं. शेजारच्या काकूंची पाठ माझ्या पिवळ्या शेतातून निघाली होती. मी अशी भडकले की विचारू नका.

आई शांतपणे म्हणाली, "तूच फेकले ना? मले वाटलं रद्दी हाय. कागद मजबूत हाय पण."

रागारागानं मी सगळे कागद ओढले, ते जमिनीवर पसरले. उचलायला वाकले आणि तशीच बसून राहिले. निळी बाही पिवळ्या पाठीला लागून पडली होती आणि तिथे एक बाई वाकून काहीतरी उचलत होती. ना चेहरा, ना बोटं, तरी जिवंत बाई. मला इतका आनंद झाला की राग कुठे गेला ते कळलंच नाही. लगेच ते तुकडे चिकटवायला कणकेची खळ शिजत ठेवली.

आईनं बजावलं होतं की गिऱ्हाइकाची मापं चिकटवायची नाहीत, आधी त्यावरून दुसरी कापून घ्यायची. उतावळेपणात काकूंची पाठ चिकटलीच. आईला त्यांचं माप पुन्हा घ्यावं लागलं आणि कारण गावभर झालं.

म्हणून काकू चार बायकांना घेऊन प्रदर्शनाला आल्या. लांबूनच म्हणाल्या, "हे तं मीच व्हय. दळणाचा डबा उचलून राह्यली." मग बाकीच्या आपापल्या बाह्या शोधू लागल्या. मी वेड्यासारखी हसत होते.

आई मात्र चित्राजवळ जाऊन एकेक तुकडा बघत होती.

"माहं माप कधी खिळ्यावर नव्हतंच," ती म्हणाली. "मले कधी काढशीन?"

घरी आल्यावर मी टेप हातात घेतला आणि आईला दिव्याखाली उभं केलं.