हर्षदाच्या गालावरचं वांग

वरवंडच्या गिताबाईला स्वतःच्या तोंडाकडं बघायला कधी सवडच मिळाली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासरी मेंढरं होती. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि कोकणाची वाट धरायची. पुढं तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, मेंढरं विकली आणि कालव्याच्या पाण्यावर कांदा-ऊस धरला. चालणं थांबलं, पण ऊन काही सुटलं नाही. चाळिशीतच तिची गालफडं काळवंडली आणि नाकाच्या दोन्ही अंगांना उडदाएवढे डाग उठले. त्याचं तिला काही वाटलं नाही. रानात राबणाऱ्या बाईचं तोंड असंच व्हायचं, असं ती धरून चालली होती.

तिला वाटलं ते सुनेचं.

तिचा मुलगा बिरदेव रांजणगावच्या कारखान्यात लागला, तसं पाबळची हर्षदा त्याला करून आणली. पोरगी बारावी शिकलेली, शिवणकामात हात बसलेला, बोलायला मोकळी. गिताबाईला लेक नव्हती. ही पोर "आत्या, आत्या" करत दिवसभर मागंपुढं फिरायला लागली आणि गिताबाई पार विरघळून गेली. पाण्याला गेली की शेजारणींना सांगायची, "आमच्या हर्षदाचं तोंड बघितलं का? निसतं लोणी हाय लोणी."

लेकीच्या, अंकिताच्या, वेळी दिवस गेले आणि हर्षदाच्या दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर तपकिरी वांग चढलं. बाळंतपण होऊन चार-सहा महिने झाले तरी ते हलेना. बिरदेव सुट्टीला आला की पोरीला खेळवायचा. एकदा त्यानं मित्राचा कॅमेरा आणला. अंकिताला घेऊन हर्षदा उभी राहिली, तर तो सहज बोलून गेला, "पदर जरा पुढं घे. तोंड लई काळं येईल."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण हर्षदानं पोर सासूच्या हातात दिली आणि घरात निघून गेली. तो फोटो गिताबाईनंच नातीला घेऊन काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गिताबाईनं मनावर घेतलं. मसुराची डाळ रात्री दुधात भिजत घालायची आणि सकाळी वाटायची. सहाणेवर जायफळ उगाळायचं. बांधावरची कोरफड सोलून गर काढायचा. दुपारी अंकिता झोपली की कडुनिंबाच्या सावलीत गोणपाट टाकायचं, हर्षदानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि गिताबाईनं आपल्या खरबरीत बोटांनी तिच्या गालावर लेप फिरवायचा.

"आत्या, टोचतीत तुमची बोटं."

"मंग काय कापसाची आणू? गप पड."

लेप वाळेपर्यंत दोघी बोलत राहायच्या. कोकणातनं मेंढरं माघारी आणताना एका पहाटे वळवाच्या पावसानं नदीला पूर आला होता आणि कोकरं पोत्यात घालून कशी उतरवली, ते गिताबाईनं तिला त्याच सावलीत सांगितलं. घरात दुसऱ्या कुणाला ते कधी सांगितलं नव्हतं. पाबळला एक मुलगा आपल्याला आवडायचा, हे हर्षदानंही तिथंच सांगून टाकलं. गिताबाई हसली आणि कुणाला बोलली नाही.

वांगाला मात्र फरक पडेना. कातडी मऊ झाली, पण डाग होते तिथंच. कुणी तरी लिंबू सुचवलं. लिंबू चोळून हर्षदा कांदा वाळत घालायला उन्हात गेली. चेहरा नुसता भगभगला आणि आठवड्याभरात डाग आणखी गडद झाले. आरशापुढं उभी राहून ती रडली. "राहू द्या आत्या, नशिबातच हाय ते," म्हणाली.

तिचं ते रडणं गिताबाईला सोसवलं नाही. बाजाराला यवतला गेली होती, तिथं एका औषधाच्या दुकानात तिनं सुनेच्या तोंडाची सगळी हकीकत सांगितली. दुकानातल्या माणसानं पोरगी बघितली नाही की काही विचारलं नाही. फळीवरची ट्यूब काढून पुढ्यात ठेवली. "रोज झोपताना लावा मावशी. सगळे हीच नेतात."

आणि ट्यूब लागू पडली. महिन्याच्या आत वांग पुसल्यागत झालं. हर्षदाचा चेहरा लग्नातल्यापेक्षा उजळ दिसायला लागला. बिरदेव आला तर बघतच राहिला. गिताबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. लेप बंद झाला, दुपारची बैठकही बंद झाली. आता त्याची गरज कुणाला होती? भेटेल त्या बाईला ती ट्यूबचं नाव सांगत सुटली. शेजारच्या सोजरबाईनं आपल्या सुनेसाठी मागवून घेतली. वस्तीवरच्या अनसाबाईनं पोरींसाठी नेली. गिताबाईनं कुणाकुणाला तर स्वतःच आणून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात हर्षदाचा चेहरा लाल पडायला लागला. चुलीपुढं बसलं की आग व्हायची. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, कानशिलाजवळ लव वाढली, हनुवटीवर पुळ्या आल्या. घाबरून तिनं ट्यूब सोडली, तर चार दिवसांत तोंड सुजलं आणि वांग आधीपेक्षा काळं होऊन वर आलं. पुन्हा लावली की बरं वाटायचं, सोडली की पुन्हा तेच. शेवटी बिरदेवनं दोघींना पुण्याला कातडीच्या डॉक्टरणीकडं नेलं.

डॉक्टरणीनं ट्यूब हातात घेतली आणि विचारलं, "किती दिवस लावताय?"

"वरीस व्हत आलं," गिताबाईच म्हणाली.

"यात स्टिरॉइड आहे, मावशी. त्यानं कातडी पातळ होते. थोडे दिवस, डॉक्टरनं सांगितलं तरच लावायचं असतं."

"आन् मी आदी लावत व्हते ते? डाळ, जायफळ?"

"त्यानं वांग जात नाही. ते आत असतं, लेप वरच्यावर राहतो. डाळीनं नुकसान झालं नसतं, पण लिंबू लावून उन्हात जायला नको होतं. घरी करण्यासारखं एकच आहे, ऊन टाळायचं. छत्री, तोंडाला ओढणी, आणि मी देते ते उन्हाचं मलम रोज सकाळी लावायचं. दिवस गेल्यावर आलेलं वांग पुष्कळ बायकांचं वर्षभरात आपसूक फिकं पडतं. थोडा धीर धरायला हवा होता."

येताना एसटीत गिताबाई खिडकीशी बसली होती. आपसूक फिकं पडतं, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमत राहिलं. काहीच केलं नसतं तर? नुसत्या डाळीवर बसली असती तर? यवत मागं पडल्यावर तिनं हळूच म्हटलं, "पोरी, माझ्यामुळं झालं गं."

"असं काय बोलता आत्या? तुमी मायेनंच केलं." हर्षदानं ओढणी नाकावर ओढून घेतली आणि मांडीवरच्या अंकिताकडं बघत बसली.

चेहरा सावरायला दोन वर्षं गेली. लाली उतरली, शिरा थोड्या राहिल्या, वांग फिकट होऊन राहिलं. पण उन्हात गेलं की तिचं तोंड पेटायचं, म्हणून रान सुटलं. ती घरात बसून ब्लाऊज शिवायला लागली आणि त्यात तिचा जम बसला. सासूला ती कधी वाकडं बोलली नाही. पण एका दिवाळीला गिताबाईनं मायेनं अलाबला घ्यायला दोन्ही हात पुढं केले, तर हर्षदाची मान नकळत मागं गेली. लगेच ती हसली आणि पुढं झाली. गिताबाईनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली खरी, पण त्यानंतर सुनेच्या तोंडाला तिनं हात लावला नाही.

ज्यांना ज्यांना तिनं ट्यूब सांगितली होती, त्यांच्या दारात ती स्वतः गेली. अनसाबाईच्या पोरींनी ऐकलं. सोजरबाई मात्र म्हणाली, "तुमच्या सुनेला सोसली न्हाई, आमच्या सुनेला सोसती. बघा की कशी गोरीपान दिसती." ओट्यावर तिची सून तांदूळ निवडत होती. गालांवर लाली चढायला लागली होती.

"सोजरबाई, ती लाली बरी न्हवं," गिताबाई म्हणाली.

"तुमीच तर आणून दिलीत, गिताबाई," सोजरबाई म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.