भिंतीकडे तोंड करून

माणसाची पाठ खोटं बोलत नाही. म्हणूनच फिजिओथेरपीच्या खोलीत, लोकांकडे पोळ्या लाटणाऱ्या माझ्या ताईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

"उजव्या खांद्याचा खवाटा खाली उतरलाय," मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले.

"मला डावा वर चढलेला वाटतोय, सर."

"मावशी, पोक काढायची सवय वाईट," डॉक्टर ताईला म्हणाले.

"अहो, सोमवारी लाटायला गेले नाही, तर दुसरी बाई ठेवतील," ताई भिंतीला म्हणाली.

"हलू नका."

माझं डोकं फिरलं. लोकांच्या ओट्यांपाशी वाकून घडलेली पाठ, आणि म्हणे सवय! देवळातली मूर्ती न्याहाळावी तशी सगळ्यांनी ती अर्धा तास न्याहाळली.

ताईचा उजवा हात वर जात नाही. तो वर करून दाखवा, असं कोणीच म्हणालं नाही.